उजवी पाकळी

"गाठी आखडल्यात," डॉक्टर हेरवाडकर म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "मागच्या स्कॅनपेक्षा लहान दिसतायत. औषध लागू पडतंय."

आबा खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या ढगांतून त्यांना काही कळलं असेल असं मला वाटत नाही, मलाही कळत नव्हतं. पण त्यांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"आयकलंस मा? लागू पडता."

"होय, आबा."

"आजचो धरून तीन झाले, तीन रवले. अर्धी वाट झाली."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नर्स आबांना सलाईनच्या खोलीत घेऊन गेली आणि मी मागोमाग निघालो, तर त्यांनी मला थांबवलं.

"अंकुशराव, वडिलांना सगळं सांगितलंत ना? या औषधाने आजार जाणार नाही, फक्त काही दिवस आवरून धरता येईल, हे त्यांना माहीत आहे ना?"

"हो. सांगितलंय."

"मी स्वतः बोलू का त्यांच्याशी?"

"नको, मॅडम. सांगितलंय म्हणतोय ना मी."

हे त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या आणि मी तिसऱ्यांदा खोटं बोललो. बरं, बोललो ते आवाज चढवून. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. आमचं गाव आंबेखोल, कोकणातलं. तिथून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायचं, दर एकवीस दिवसांनी. कॅन्सर आहे हे आबांना ठाऊक होतं. ते आम्ही लपवलं नव्हतं, आणि लपवणार तरी कसं, दवाखान्याच्या पाटीवर वीत वीत अक्षरांत लिहिलेलं होतं. उलट आबाच गावभर सांगायचे, "पोटात क्यान्सर आसा. सा डोस घेतले की मोकळो." तो पोटातून यकृतात गेलाय आणि आता कुणालाही तो मुळासकट काढता येणार नाही, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच, म्हणतो मी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि आयेला वेगळं बसवून सांगितलं होतं. परतताना एसटी स्टँडवर आबा पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात आयेने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "त्यांका सांगलंस तर ते आजच मरतले. माझी शपथ आसा तुका." मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस, कुडाळात माझं दुकान आहे. जळलेली कॉईल असली की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, जळली म्हणून. पण बापाच्या बाबतीत माझी जीभ उचलली नाही, आणि आयेची शपथ मला सोयीचीच पडली.

आम्ही गुरव. गावच्या पावणाईच्या देवळाची पाळी पाच घरांत फिरते, एक वर्ष एका घराकडे. त्या वर्षी ती आमच्याकडे होती. म्हणजे मार्गशीर्षातल्या जत्रेला देवीसमोर आबांनी उभं राहायचं, गाऱ्हाणी घालायची, कौल लावायचा. ज्या दिवशी जत्रा, नेमका त्याच दिवशी कोल्हापूरला चौथा डोस. दिवाळीनंतर एका सकाळी आबा पेजेची वाटी बाजूला सारत म्हणाले, "येंदा दिगूक करू दे."

दिगंबर माझा चुलतभाऊ. त्याला कौल लावता येतो, पण आबांना त्याचं काही पटत नसे. गाऱ्हाणं घालताना मोबाईल वाजतो त्याचा, म्हणायचे.

"दिगूक?" मी म्हटलं.

"होय. मी पुढली पाळी करतलंय. पाच वर्सां काय, अशी जातत."

आये चुलीकडे होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. बावन्न वर्षं ज्याने त्या दगडासमोर उभं राहून दुसऱ्यांसाठी मागणं मागितलं, तो माणूस आपली शेवटची पाळी दिगूला देऊन टाकत होता, पुढची मिळेल या भरवशावर. आणि तो भरवसा मी दिलेला. मी म्हटलं, "बघा आबा, तुमका बरा दिसता तसा," आणि दुकानाला गेलो. त्या दिवशी दोन कॉईल उलट्या गुंडाळल्या.

तिसऱ्या डोसाने आबा पार खंगले. तोंड आतून सोलवटलेलं, पेजसुद्धा झोंबायची. पायांची आग व्हायची तर आये रात्रभर खोबरेल चोळायची. पण माणूस कुरकुरायचा नाही, बरं व्हायचंय ना, मग सोसायला नको, म्हणायचा. ते ऐकणं मला त्यांच्या कण्हण्यापेक्षा जड जायचं.

जत्रेला आठ दिवस होते. सकाळी आबा आंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून अंगणात उभे.

"चल देवळात. इचारून घेवया."

"काय इचारूचा आता?"

"पाळी सोडतंय मी, अंकुश. तिका न इचारता कसो सोडू?"

स्कूटरवर मागे बसवून नेलं त्यांना. माझ्या पाठीला त्यांचं वजन लागतच नव्हतं.

देवळात चिटपाखरू नव्हतं. आबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी खांबाला टेकून बसले. आमच्याकडे कौल लावतात तो असा: तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवीच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. मग प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न कसा घालायचा याला फार महत्त्व. आबा लोकांना परत परत विचारायचे, तुला नक्की काय विचारायचंय ते ठरव, देवी विचारल्याचंच उत्तर देते.

"माझे हात थरथरतत," आबा म्हणाले. "पाकळ्यो तू लाव. मी गाऱ्हाणा घालतंय."

मी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. आबांनी डोळे मिटले, हात जोडले.

"गे पावणाये माते, ह्या औषधान सगुण गुरव बरो होऊन पुढल्या पाळयेक तुझ्यासमोर उभो रवूचो आसात, तर उजवी दी. मी पाळी दिगूक देऊन कोल्हापूराक जातंय. नसात, तर डावी दी."

प्रश्न असा सरळ, चोख. मी त्या थंड काळ्या दगडासमोर उभा. देवावर माझा विश्वास आहे का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. पण डावी पडेल याची मला भीती वाटली, एवढं खरं. पाणी कमी लावलं की पाकळी लवकर सुटते, हे कळायला गुरवाच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही. डावी पाकळी मी निथळेपर्यंत भिजवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली.

"लावलंय, आबा."

त्यांनी डोळे उघडले. आम्ही बघत राहिलो. कुठेतरी कवडा घुमत होता. फार वेळ लागला नाही, उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवी दिल्यान," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

आबांची नजर पडलेल्या पाकळीवर नव्हतीच.

"डावेखाली काय दिसता तुका?"

"काय दिसता?"

"पाण्याचो ओघळ. पायापावत इलो हा. आणि उजवेकडे?"

उजवीकडे दगड कोरडा ठाक होता.

"बावन वर्सां ह्या दगडाक मी पाणी लावतंय, बाबा," आबा म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "खय शिकलंस ह्या?"

"कोणी शिकवूक नाय."

"माकाव कोणी शिकवूक नाय होता."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि खांबाला डोकं टेकलं.

"एकदाच केलंय. धुऱ्यांच्या तारावयनीक."

वासू धुरी म्हणजे आबांचा जिवाभावाचा दोस्त. मी पंचवीसएक वर्षांचा असेन, तो पोट फुगून गेला तेव्हा. पिवळा पडला होता, सावंतवाडीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्याची बायको तारामती देवळात आली, आबांसमोर बसली आणि म्हणाली, एवढंच विचारा, हे बरे होतील का.

"तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हता," आबा म्हणाले. "वासू जातलो ह्या माका म्हायत होता. म्हटलंय, चार दिस तरी हिका सुखाचे जाऊंदेत. उजवी हलकी लावलंय. ती हसत घराक गेली. वासू नवव्या दिसाक गेलो." मग म्हणाले, "बरा केलंय, असाच आजपावत समजान होतंय."

मी खाली बसलो.

"आता दगडाक मधी घालू नको," ते म्हणाले. "तू सांग. ह्या औषधान मी बरो होतलंय काय?"

"आयेन शपथ घातली हा."

"तिका मी बघतंय. तू सांग."

"नाय, आबा."

"नाय म्हणजे?"

"बरे नाय होणार. औषधान गाठी काय दिस गप रवतत. मगे परत वाढतत."

"लागू पडता म्हणाली ती."

"लागू पडता म्हणजे गाठ बारीक होता. पण जाणा नाय."

आबा बराच वेळ बोटांनी जमिनीवरचे तांदूळ गोळा करत राहिले. पहाटेच्या पूजेचे सांडलेले असावेत.

"डॉक्टरीणबाय खोटा बोलूक नाय," शेवटी म्हणाले. "मी लागू पडता काय असा इचारलंय, तिना लागू पडता म्हणान सांगल्यान. बरो होतलंय काय, ह्या मी इचारलंयच नाय. सगळ्या गावाक प्रश्न घालूक शिकवलंय आणि माझोच चुकलो." मग माझ्याकडे पाहून, "आणि तू घालूक दिलंस नाय."

"होय."

"किती दिस?"

"औषध घेतल्यार सा-सात महिने म्हणाले. नाय घेतल्यार तीन-चार. नक्की कोणच सांगणा नाय."

त्यांनी मान हलवली. ते रडले नाहीत, मी रडलो. देवळात बसून, एवढा बाप्या, नाक पुसत. त्यांनी मला रडू दिलं, आणि थांबल्यावर विचारलं, "झाला?" मी मान डोलावली. तर म्हणतात, "एकवीस दिसांनी म्हणजे एकविसावोच दिस व्हयो काय? आठ दिस पुढे नाय ढकलूक येणा?"

खोटं कशाला बोलू, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी डॉक्टरांपुढे जास्त वेळ थांबतच नसे, पुढचा प्रश्न काय येईल या धास्तीने. देवळाबाहेरच्या चाफ्याखाली रेंज मिळायची, तिथून फोन लावला.

"चालेल की आठ दिवस उशिरा," डॉक्टर हेरवाडकर म्हणाल्या. "त्यांना काही कार्यक्रम आहे का? आधी विचारायचं ना, अंकुशराव." मग म्हणाल्या, "सांगितलंत त्यांना?"

"आत्ता सांगितलं."

"आत्ता," त्या म्हणाल्या. तेवढ्यानेच माझी मान खाली गेली.

आत येऊन आबांना सांगितलं. "मगे पाळी माझी," ते म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून उठले. "आता तारावयनीकडे चल."

"आत्ताच? औषधाची वेळ झाली तुमची."

"माका तिका इचारूचा आसा."

धुऱ्यांच्या खळ्यात भात वाळत घातलं होतं. तारावयनी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. साठी उलटलेली, काटक बाई. आबांची दशा बघून ती चटकन उठली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"बसा, भावजी. ह्या उन्हात कित्याक इलास?"

आबा बसले नाहीत. माझ्या खांद्याला धरून उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कौल, हलकी लावलेली पाकळी, सगळं. आडपडदा ठेवला नाही. "आज माझ्या झिलान माका तसोच कौल लावल्यान," म्हणाले, "तेवा माका कळला. तुझे ते आठ दिस सुखाचे गेले ना, वयनी? तेवढा सांग."

एक कोंबडी दाण्यांत शिरली, तारावयनीने ती हाकलली नाही.

"वीस वर्सां झाली," ती म्हणाली. "देवळातसून इलंय ती पळत इलंय. त्यांका पेज भरवलंय. ते म्हणत, तारा, बस जरा, बोलूचा आसा. मी म्हणा, आता कसला बोलणा, देवीन उजवी दिल्यान. बरे झाल्यार बोला, आता निजा. रोज म्हणत होते. बस जरा. आणि मी रोज त्यांच्या अंगार चादर घालून कामाक लागत होतंय. बरे होतले, म्हणान."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत. डोळे कोरडेच होते.

"काय बोलूचा होता त्यांका, भावजी? तुमका तरी काय सांगलेले?"

"नाय, वयनी."

"ते जातले ह्या माका दिसत होता. मरणाक तुमी काय करतलास? ता तुमच्या हातात नव्हता. पण ते आठ दिस माझे होते."

"चुकलंय," आबा म्हणाले.

"होय," तारावयनी म्हणाली. असू दे म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. आबांच्या हातात दिला, ते पाणी पिईपर्यंत उभी राहिली, आणि मग काठी उचलून परत कोंबड्या हाकायला बसली.

पुढचं थोडक्यात सांगतो. आबांनी जत्रा केली. खुर्चीवर बसून, पण केली, आणि त्या दिवशी शेपन्नास माणसांचे कौल लावले. पाकळ्या मी भिजवून देत होतो, दोन्ही सारख्या. तारावयनी ओटी भरायला आली, आबांशी बोलली नाही, पण नमस्कार करून गेली. चौथा डोस त्यांनी आठ दिवस उशिरा घेतला. पाचवा घ्यायचा की नाही हे त्यांनी स्वतः डॉक्टरांसमोर बसून, एकेक प्रश्न घालून ठरवलं, आणि नको म्हणाले. शिमग्याच्या आधी गेले. आये माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती. सांगितलं नसतं तर अजून जगले असते, असं ती शेवटपर्यंत म्हणायची, आणि तिच्यासमोर मी कधी वाद घातला नाही. कोण जाणे, तिचंही खरं असेल.

पण मला सारखी आठवते ती धुऱ्यांकडून परतण्याची वाट. खळ्यापासून रस्त्यापर्यंत पायवाट आहे, मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावर लाकडी साकव. स्कूटर पलीकडे लावली होती. साकवापर्यंत येईतो आबांना धाप लागली. ऊन चढलं होतं. गोळ्यांची वेळ टळून गेलेली. माझ्या खिशात दुकानाची किल्ली, आणि एका माणसाला त्याचा पंप दुपारी बारापर्यंत देतो म्हणून कबूल केलेलं. मी त्यांचा दंड धरून म्हणणारच होतो, चला आबा, घरी गेल्यावर बोलू, आता जरा आडवे व्हा.

आबा साकवाच्या कडेला टेकले, पाय खाली सोडले आणि शेजारच्या फळीवर हात थोपटला.

"बस जरा," ते म्हणाले. "बोलूचा आसा."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो.